टेंडर भरायच्या आदल्या दिवशी: डाउनलोड केलेल्या फाईली उघडतात का, ते बघून ठेवा

टेंडरची मुदत उद्या दुपारी तीनला असेल, तर सगळ्या फाईली आज उघडून बघायच्या. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवर, घड्याळ सर्व्हरचं चालतं, तुमच्या भिंतीवरचं नाही. नाशिकच्या 2027 च्या सिंहस्थाच्या कामांसाठी सातपूर-अंबडमधून टेंडर भरणाऱ्यांनी तर एवढी तयारी आधीच उरकून ठेवावी.

आधी फाईलचं आडनाव, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं (एक्स्टेन्शन), दिसू द्या. विंडोज 11 च्या फाईल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, त्यात 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक. विंडोज 10 मध्ये ही चौकट व्ह्यू टॅबवरच असते. आडनाव दडलेलं असलं की 'निविदा.पीडीएफ.ईएक्सई' ही फाईल नुसती 'निविदा.पीडीएफ' दिसते. असलं काही आलं तर उघडायचं नाही, सरळ डिलीट. शेवटी 'सीआरडाउनलोड' असेल तर डाउनलोड अर्धवटच राहिलंय.

मग सी ड्राईव्हवर 'टेंडर' एवढ्याच नावाचा फोल्डर करा. डेस्कटॉपवर 'गंगापूर रोड ड्रेनेज दुरुस्ती टप्पा दोन फायनल नवीन' असे फोल्डरात फोल्डर घालत गेलं, की एक्सेल अडून बसतं. सगळा पत्ता आणि फाईलचं नाव मिळून 218 अक्षरांच्या पुढे गेलं, तर ते फाईल उघडत नाही.

आता साईज. पोर्टलवर कागदासमोर केबीत आकडा दिलेला असतो, तो प्रॉपर्टीजमधल्या आकड्याशी ताडून बघा. तिथे 2400 आणि तुमच्याकडे 14 असेल तर फाईल आलीच नाही. बहुतेक वेळा सेशन संपलेलं असतं आणि लॉगिनचं पानच फाईलच्या नावाने सेव्ह झालेलं असतं. खात्री करायला ती नोटपॅडमध्ये उघडा आणि काही सेव्ह न करता बंद करा. डॉकएक्स किंवा एक्सएलएसएक्स फाईल मुळात झिप असते, त्यामुळे सुरुवातीला 'पीके' ही दोन अक्षरं दिसतात आणि पुढे सगळी गिचमिड. (झिपवाल्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं.) जुन्या डॉक, एक्सएलएसमध्ये पहिल्या अक्षरापासूनच गिचमिड असते, पासवर्ड घातलेल्या डॉकएक्समध्येही तसंच. पण 'एचटीएमएल' असा शब्द वाचता आला तर ते वेबपान. पुन्हा लॉगिन करून नव्याने उतरवा, आडनाव बदलून काही साधत नाही. काही पोर्टलचे रिपोर्ट मात्र एक्सएलएस नावाखाली एचटीएमएलच देतात. तिथे एक्सेल 'फॉरमॅट जुळत नाही' म्हणून कुरकुरतं. स्वतः काढलेला रिपोर्ट असेल तर 'येस' म्हणा, उघडेल.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो ब्लॉक. इंटरनेटवरून आलेल्या फाईलवर विंडोज न दिसणारा शिक्का मारतं आणि ऑफिस तो बघून फाईल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, उघडतं. कधीकधी धडधाकट फाईललाही 'करप्ट आहे' म्हणतं, ते याच शिक्क्यामुळे. बीओक्यूचं, म्हणजे कामांची यादी आणि रेट भरायच्या एक्सेल तक्त्याचं, दुखणं आणखी वेगळं. ती एक्सएलएस मॅक्रोवर, म्हणजे फाईलच्या आतच बसवलेल्या छोट्या प्रोग्रामवर, चालते, आणि 2022 पासून ऑफिस इंटरनेटवरच्या फाईलमधले मॅक्रो आपणहून अडवतं. वर लाल पट्टी येते, त्यावर 'एनेबल'चं बटणच नसतं, आणि रेट भरायच्या रकान्यांऐवजी 'मॅक्रो चालू करा' एवढीच सूचना दिसत राहते. अशा वेळी एक्सेल बंद करा. फाईलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबवर अगदी तळाशी 'अनब्लॉक'. तिथे टिक करून अप्लाय, ओके. पुन्हा उघडल्यावर पिवळी पट्टी आली तर 'एनेबल कंटेंट'. फाईल झिपमधून आली असेल तर झिपच आधी अनब्लॉक करून मग 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा, नाहीतर आतल्या प्रत्येक फाईलला शिक्का लागतो. पेनड्राईव्हवरून आणलेली फाईल मुकाट उघडते, कारण पेनड्राईव्ह एफएटी32 फॉरमॅटचा असेल तर त्यावर हा शिक्का टिकतच नाही. म्हणून ती सुरक्षित झाली असं नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ढकललेलं एक्सेल अनब्लॉक करू नये, आणि वैतागून एक्सेलच्या सुरक्षा सेटिंगमधून (ट्रस्ट सेंटर) सगळेच मॅक्रो कायमचे मोकळे सोडणं तर निव्वळ आळस.

बीओक्यूचं नाव बदलायचं नाही. दुसऱ्यांदा उतरवल्यावर ब्राउझर नावापुढे कंसात 1 लावतो, तेवढ्यानेही पोर्टल ती परत करू शकतं. लिब्रेऑफिस किंवा गूगल शीट्समध्ये ती भरूही नका. पत्रं, अटी-शर्ती वाचायला ती चालतील.

फाईल उघडली पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतेय? फाईल बिघडलेली नाही, तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही. मजकुरात क्लिक करून होम टॅबवरचं फॉन्टचं नाव वाचा: कृतीदेव, श्रीलिपी वगैरे. तोच फॉन्ट टाकला की अक्षरं जागेवर येतात. मंगल निवडून बघणं व्यर्थ, कारण तो युनिकोड फॉन्ट आहे आणि हा मजकूर युनिकोड नाहीच.

वर्डची फाईल खरंच बिघडली असेल तर आधी तिची कॉपी करा. मग फाईल, ओपन, ब्राउझ. ओपन बटणाशेजारच्या बाणातून 'ओपन अँड रिपेअर'. तेही फसलं तर डॉकएक्सच्या कॉपीचं आडनाव झिप करून आत 'वर्ड' आणि त्यात 'मीडिया' फोल्डर बघा. निदान नकाशे, फोटो हाती लागतात.

शेवटी फाईल मेनूतलं 'अकाउंट' उघडून ऑफिसचं लायसन्स चालू आहे ना, ते बघा. संपलेलं असेल तर फाईल उघडते, वाचताही येते, फक्त रेटच्या रकान्यात एक आकडा टाईप होत नाही. तसं असेल तर खरं एक्सेल असलेला दुसरा लॅपटॉप आजच मागून आणा आणि बीओक्यू त्यावर एकदा उघडून बघा.