नवं ॲप बाजारात आणताना: जाहिरातीच्या आधीची कामं

ॲप मार्केटिंगच्या कामाला नुकताच लागलेला माणूस पहिल्याच आठवड्यात जाहिरातीचं बजेट मागतो. त्याने आधी स्टोअरवरचं पान उघडून बघावं. जाहिरात कुठेही दिसली तरी लोक शेवटी त्याच पानावर येतात आणि इन्स्टॉल करायचं की नाही ते तिथेच ठरवतात.

नावाला गूगल प्ले आणि ॲपलचं ॲप स्टोअर दोन्हीकडे ३० अक्षरं मिळतात. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. प्लेवर ८० अक्षरांचं छोटं आणि ४,००० अक्षरांचं मोठं वर्णन असतं, आणि शोधासाठी या दोन्हींतला मजकूर धरला जातो. ॲप स्टोअरवर ३० अक्षरांचं उपशीर्षक असतं, शिवाय लोकांना न दिसणारा १०० अक्षरांचा कीवर्डचा, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांचा, रकाना; तिथल्या लांब वर्णनाचा शोधाला उपयोग नाही. म्हणून एकीकडचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की निम्मी मेहनत वाया जाते. कीवर्डच्या रकान्यात स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका आणि नावात आलेला शब्द पुन्हा लिहू नका, कारण तिथे एकेक अक्षर मोलाचं. प्लेच्या नावात 'फ्री', 'नंबर १' असले शब्द आणि इमोजी चालत नाहीत.

कीवर्ड निवडताना 'नोट्स' किंवा 'आरोग्य' अशा एकाच शब्दामागे धावण्यात अर्थ नसतो. तिथे जुनी, मोठी ॲप्स ठाण मांडून बसलेली असतात. 'औषधाची वेळ आठवण' असे दोन-तीन शब्दांचे तुकडे शोधा. त्यासाठी महागडं टूल लागत नाही. प्रतिस्पर्धी ॲपचे एक आणि दोन स्टारचे शंभरेक रिव्ह्यू वाचून काढा. आपली अडचण लोक कोणत्या शब्दांत सांगतात आणि त्या ॲपमध्ये काय खटकतं, दोन्ही एकाच बैठकीत कळतं. काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात.

स्क्रीनशॉट फोनसाठी प्लेवर ८ आणि ॲप स्टोअरवर १० टाकता येतात, पण बरेच लोक पहिल्या दोन-तीनच्या पुढे सरकत नाहीत. लॉगिनचा किंवा स्वागताचा स्क्रीन पहिला लावणं ही नेहमीची चूक. ॲपचं मुख्य काम झालेलं दिसेल असा स्क्रीन घ्या, वर चार-पाच शब्दांची ओळ द्या. प्लेमध्ये पानाच्या दोन आवृत्त्या समोरासमोर तपासायची सोय आहे. ती वापरताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि शनिवार-रविवार धरून निदान आठवडाभर निकालाला हात लावू नका.

तारीख जाहीर करण्याआधी आपलं डेव्हलपर खातं, म्हणजे ज्यातून ॲप स्टोअरवर टाकतो ते, तपासा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं प्लेचं वैयक्तिक खातं असेल, तर आधी निदान १२ जणांची बंद चाचणी, म्हणजे फक्त निवडलेल्या लोकांना ॲप वापरायला देऊन घेतलेली चाचणी, सलग १४ दिवस चालवावी लागते. बाराच माणसं घेतली आणि त्यातला एक मधेच बाहेर पडला, तर गणित बिघडतं. वीस जण घ्या. त्यानंतर परवानगीचा अर्ज आणि तपासणी असते, तेही दिवस मोजा.

या चाचणीत क्रॅशकडे, म्हणजे ॲप अचानक बंद पडण्याकडे, बारकाईने बघा. रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त जणांना क्रॅशचा, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त जणांना ॲप गोठण्याचा अनुभव आला, तर प्ले त्या ॲपला शोधात मागे टाकू शकतं. जाहिरात चालू असताना असं झालं की पैसेही जातात आणि रेटिंगही पडतं. पहिल्या आवृत्तीनंतरचं प्रत्येक अपडेट आधी ५-१० टक्के लोकांनाच सोडा.

रेटिंग मागायची वेळ म्हणजे वापरकर्त्याचं एखादं काम नुकतंच पार पडल्याचा क्षण. ॲप उघडताच मागितलं तर वैतागून एक स्टार मिळतो. ॲपलची रेटिंगची खिडकी एका माणसाला ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीनदाच दिसते, ती वाया घालवू नका. स्टारच्या बदल्यात कूपन देणं किंवा रिव्ह्यू विकत घेणं नियमात बसत नाही. खातंही बंद होऊ शकतं.

आता जाहिरात. सुरुवात छोट्या रकमेने करा आणि प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी लिंक ठेवा. फक्त इन्स्टॉल मोजू नका. १०,००० खर्चून १,००० इन्स्टॉल आले तर एक इन्स्टॉल १० ला पडलं असं वाटतं. पण तिसाव्या दिवशी ४० जणच उरले असतील, तर टिकलेला एक माणूस २५० ला पडला. दुसऱ्या ठिकाणी इन्स्टॉल २० ला पडत असेल, पण १,००० इन्स्टॉलमागे १०० जण टिकत असतील, तर ते महाग दिसणारं ठिकाणच स्वस्त: दर माणशी २००. म्हणून जाहिरातीचं उद्दिष्ट ठरवताना इन्स्टॉलऐवजी 'पहिलं काम पूर्ण' अशी कृती निवडा. मात्र अशा कृती दिवसाला दोन-चारच होत असतील तर जाहिरात कोणाला दाखवायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेला शिकायला काही मिळत नाही. मग नोंदणीसारखी आधीची पायरी धरा. आयफोनवर मात्र एप्रिल २०२१ पासून वापरकर्त्याचा इतर ॲप्समधला मागोवा घेण्याआधी त्याची परवानगी विचारावी लागते आणि अनेक जण नकार देतात, त्यामुळे तिथले आकडे अपुरेच असतात. आयफोनचे आणि अँड्रॉइडचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवून तुलना करू नका.