फेंगहुआंगला जाताय? मग मुक्काम कराच

चीनच्या हूनान प्रांतातलं फेंगहुआंग धावतपळत बघू नका. झांगजियाजिए शहराहून जलदगती रेल्वेने साधारण तासाभरात पोचता. स्टेशन गावाबाहेर आहे. जुन्या गावात गाडी दारापर्यंत येत नाही, म्हणून सामान पाठीवर मावेल एवढंच घ्या.

पहाटे उठून थुओजियांग नदीवर जा. पात्रात ओळीने रोवलेल्या दगडांवरून पलीकडे जाता येतं. दोन दगडांमध्ये पाणी जोरात वाहतं, म्हणून पकड असलेले बूटच घाला. मध्यावरून काठाची घरं नीट दिसतात: लाकडी खांबांवर तोललेली, निम्मी पाण्यावर झुकलेली. मला तर होंगछियाओ पुलापेक्षाही हीच जागा प्रिय आहे! दिवस चढला की तिथे पाय ठेवायला जागा नसते.

गल्लीत आल्याची वडी ताणताना दिसेल, गरम असतानाच चाखा. पैसे देण्यासाठी अलीपे हे मोबाइल ॲप आधीच कार्डाला जोडून ठेवा.