लिंक्डइनवर नक्की काय लिहायचं? शॉपफ्लोअरवर काम करणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो, मी काय करिअर कोच वगैरे नाहीये. चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, बारा वर्षं झाली, आणि गेली काही वर्षं डिपार्टमेंटला पोरं घ्यायची असली की इंटरव्ह्यूला मलाही बसवतात. एचआरवाली मॅडम लॅपटॉप माझ्याकडे फिरवून विचारते, सर यातलं कोणाला बोलवू, आणि मी बघतो तर वीसातल्या पंधरा जणांचं प्रोफाइल सारखंच, "हार्डवर्किंग, डायनॅमिक, टीम प्लेयर". अरे पण तू करतोस काय दिवसभर?? ते कुठंच नाही.

तर पहिलं काम हेडलाइन. नावाखालची जी ओळ असते ती. तुम्ही काही केलं नाही तर लिंक्डइन तिथं नुसतं "क्वालिटी इंजिनियर अ‍ॅट अमुक प्रायव्हेट लिमिटेड" टाकून मोकळं होतं. तिथं २२० अक्षरं मिळतात, ती वापरा की. एचआर काय करते, तर सर्चमध्ये शब्द टाकते, सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशीन), पीपॅप (नवीन पार्ट कस्टमरकडून पास करून घ्यायची कागदपत्रं), एट-डी (प्रॉब्लेम सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत), मशिनिंग, आणि लोकेशन पुणे. हे शब्द तुमच्या प्रोफाइलवर नसतील तर तुम्ही कितीही भारी असाल, वर दिसणार नाही. म्हणून असं काहीतरी लिहा: "सप्लायर क्वालिटी, मशिनिंग आणि अ‍ॅल्युमिनियम कास्टिंग, पीपॅप, एट-डी, सीएमएम प्रोग्रॅमिंग, आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर" (आयएटीएफ १६९४९ म्हणजे ऑटो कंपन्यांचं क्वालिटी स्टँडर्ड). अर्थात खरंच येत असेल तेवढंच हां, इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं. आणि हे सगळं इंग्लिशमध्येच लिहायचं. लिंक्डइन २०२१ पासून हिंदीतही आलंय पण एचआर सर्च मारते ती इंग्लिशमध्येच.

लोकेशनमध्ये गावाचं नाव ठेवलेलं असतं बऱ्याच जणांचं. राहतो भोसरीत, काम चाकणला, आणि प्रोफाइलवर करमाळा. ते आजच बदला.

आता अबाऊट, म्हणजे प्रोफाइलमधला स्वतःबद्दल लिहायचा भाग. त्यात २६०० अक्षरं बसतात पण समोरच्याला सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी "सी मोअर" दाबल्यावर, आणि ते कोण दाबतंय. म्हणजे पहिल्या ओळीतच मुद्दा यायला पाहिजे: किती वर्षं, कुठल्या प्रोसेसवर, कुठल्या टाइपच्या कस्टमरसाठी, आणि एक आकडा. आकडा म्हणजे रिजेक्शन किती होतं ते किती झालं, सेटअप टाइम किती कमी झाला, असलं. पण कंपनीचा आतला पीपीएम (दहा लाखांत किती पार्ट खराब) जसाच्या तसा टाकू नका, "जवळपास निम्म्यावर आणलं" एवढं पुरतं.

पोस्ट टाकायची म्हटलं की सगळे अडकतात. काय टाकू, मला कुठं लिहिता येतं, वगैरे. आमच्याकडच्या एका ज्युनियरचं सांगतो. पातळ रिंगचा एक पार्ट होता, आमच्याकडे बोअर (आतलं भोक) मोजायच्या गेजवर ओके, कस्टमरकडे असेंब्लीत बसेना, चार दिवस सगळे एकमेकांवर ढकलत होते. मग या पोराच्या डोक्यात आलं की तीन जॉच्या चकमध्ये (मशीनवर पार्ट पकडणारे तीन जबडे) पार्ट दाबला जातोय, त्या अवस्थेत बोअर गोल होतो, पण चक सोडला की पार्ट परत सुटतो आणि बोअर तीन बाजूंनी किंचित लोब होतो, म्हणजे गोल न राहता फुगीर होतो, आणि आपलं दोन पॉइंटचं गेज तिथं कसंही फिरवा रीडिंग जवळजवळ तेच दाखवतं. तीन पॉइंटच्या मायक्रोमीटरने मोजलं तर लगेच कळलं. चक प्रेशर कमी केलं, रिंगला जवळजवळ पूर्ण वेढतील असे सॉफ्ट जॉ (पार्टच्या मापाला टर्न करून घेतलेले मऊ जबडे) बनवले, विषय संपला. मी त्याला म्हटलं हेच लिही, कंपनीचं नाव नको, पार्टचं नाव नको, फक्त प्रॉब्लेम, काय चुकत होतं, काय केलं. पेनाने कागदावर तीन लोबची चित्रं काढली, फोटो काढला, टाकलं. खाली कमेंटमध्ये टूलरूमवाले, मशीनवाले, दोन रिटायर्ड साहेब लोक येऊन भांडायला लागले सॉफ्ट जॉ कसे टर्न करायचे यावर 😄 आणि त्या भांडणातूनच त्याची नवीन ओळख झाली, महिन्याभरात एका ठिकाणाहून इंटरव्ह्यूचा फोन. "सोमवारची मोटिव्हेशन" टाकून हे होत नाही.

बरं फोटोचं निघालं म्हणून माझा मूर्खपणा सांगतो. आधीच्या कंपनीत असताना कायझेनचं (कामातल्या छोट्या सुधारणेचं) बक्षीस मिळालं, मी खुशीत लाईनवर उभं राहून फोटो टाकला. मागच्या टेबलवर कस्टमरचं ड्रॉइंग पसरलेलं, झूम केलं तर पार्ट नंबर वाचता येत होता. दुपारी एचआरचा फोन, अर्ध्या तासात पोस्ट डिलीट, वर लेखी खुलासा द्यायला लागला. नोकरी वाचली पण बक्षिसाची सगळी मजा गेली. तेव्हापासून फोटो टाकायच्या आधी चेहरा नाही, मागचं बॅकग्राउंड बघतो: ड्रॉइंग, डिस्प्ले बोर्ड, कॉम्प्युटरची स्क्रीन, गळ्यातलं आयकार्ड. आणि बऱ्याच प्लांटमध्ये मोबाईल कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, तिथं फोटो टाकणं म्हणजे स्वतःच पुरावा देणं.

स्वतः लिहायला जमत नसेल तर कमेंट करा, खरंच. "ग्रेट इन्साइट सर" नको, आपल्याकडे तोच प्रॉब्लेम आला तेव्हा काय केलं ते दोन ओळींत. अनोळखी माणसाला कनेक्शन पाठवताना छोटी नोट जोडा, फ्री अकाउंटला अशा नोट मोजक्याच मिळतात म्हणून जिथं गरज आहे तिथंच, आणि पहिल्याच मेसेजमध्ये "सर जॉब आहे का" नको बाबांनो. कोणी नाही देत तसा जॉब.

नोकरी शोधताय हे साहेबाला कळू नये असं वाटत असेल तर नीट वाचा. "ओपन टू वर्क"मध्ये दोन पर्याय आहेत, एक सगळ्यांना दिसणारी हिरवी रिंग आणि दुसरा फक्त रिक्रूटरना दिसणारा. दुसरा घ्या. लिंक्डइन तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतं पण गॅरंटी देत नाही, असं ते स्वतःच सांगतात. प्रोफाइल एडिट करताना नेटवर्कला कळवायचं बटणसुद्धा बंद ठेवा, नाहीतर एका रात्रीत सगळं बदललंत की सकाळी अख्खं डिपार्टमेंट विचारणार, काय रे, कुठं चाललास. नोकरी डॉट कॉमवर तर ठराविक कंपनी ब्लॉक करायची सोय आहे, तिथं आपली आत्ताची कंपनी टाकून ठेवा, आधी तेच करा.

रिक्रूटरचा मेसेज आला की लोक नुसतं "इंटरेस्टेड" लिहून बसतात. त्यापेक्षा एकाच मेसेजमध्ये सगळं द्या: किती वर्षं, आत्ताचं पॅकेज, अपेक्षा, नोटीस पिरियड, लोकेशन चालेल का. नोटीस ९० दिवसांची असेल तर तीही लपवू नका, नंतर कळली की ते चिडतात आणि बरोबरच आहे. पगाराची स्लिप, आधार, पॅन मात्र पहिल्या मेसेजला कोणालाही पाठवायचं नाही. आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, गेटपास असल्या नावाखाली कोणी पैसे मागितले, किंवा टेलिग्रामवर या म्हणाला, तर तिथंच थांबायचं. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावायचा, जितका उशीर तितकं अकाउंट गोठवणं अवघड.