फळांच्या कचऱ्यापासून बायोगॅस: टाकी आंबू नये म्हणून या चुका टाळा

फळे लवकर सडतात, म्हणून त्यांपासून गॅसही लवकर मिळेल, हा समज बहुतेक अपयशांच्या मुळाशी असतो. फळांतील साखरेचे आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, तर त्या आम्लापासून मिथेन, म्हणजे बायोगॅसमधील जळणारा वायू, तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना दुप्पट व्हायला अनेक दिवस लागू शकतात. त्यामुळे फळांचा पुरवठा थोडा जरी वाढला, तरी आम्ल साचते, सामू (पीएच, आम्लता मोजण्याचा अंक, जो आम्ल वाढले की घटतो) खाली येतो आणि मिथेनची निर्मिती मंदावते. फळांचा लगदा मुळातच आंबट असल्याने हा धोका शेणापेक्षा कितीतरी अधिक असतो.

पहिली चूक सुरुवातीलाच होते, ती म्हणजे रिकाम्या टाकीत थेट फळे टाकणे. दही लावताना जसे विरजण लागते, तसे येथे शेण आणि पाणी समप्रमाणात कालवलेला शेणकाला किंवा चालू संयंत्रातील मळी (टाकीतील पचलेले पातळ मिश्रण) लागते. ती भरल्यावर गॅस निळ्या ज्योतीने जळू लागेपर्यंत, म्हणजे साधारणपणे दोन ते चार आठवडे, फळांना हात लावू नये. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असल्याने तो नीट जळत नाही. तो उघड्यावर, आगीपासून दूर सोडून द्यावा. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल, तर ते मिश्रण स्फोटक असते, म्हणून टाकीच्या तोंडाशी काडी ओढून पाहणे ही अक्षम्य चूक आहे.

प्रमाण ठरवताना ओल्या वजनाने फसगत होते. फळांत ८० ते ९० टक्के पाणी असते. एका घनमीटर टाकीला दररोज १ ते १.५ किलो कोरडा सेंद्रिय भाग सोसतो असे धरले, तर सुमारे दहा किलो ओला लगदा पुरेसा होतो, तोही टाकी पूर्ण रुळल्यानंतर. प्रारंभी याच्या चौथ्या भागापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी वाढ करावी. आठवड्याचा साठा एकाच दिवशी ओतण्यापेक्षा तो वाया गेलेला परवडला, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

बिघाड ओळखताना केवळ गॅसच्या प्रमाणावर विसंबू नये. आम्ल वाढत असताना कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो, त्यामुळे गॅस साठवण्याचा फुगा फुगलेला दिसतो, पण ज्योत फिकी पडते, विझू लागते आणि मळीला आंबट वास येतो. अशा वेळी सामूपट्टीने तपासावे. सामू ६.८ ते ७.५ या दरम्यान असावा. तो ६.५च्या खाली गेला असेल, तर नवा कचरा पूर्ण थांबवावा, टाकी हलक्या हाताने ढवळावी आणि शक्य असल्यास निरोगी संयंत्रातील मळी घालावी. पाण्यात विरघळवलेला खाण्याचा सोडा थोडा थोडा देता येतो, परंतु तो रोज देऊन पुरवठा पूर्ववत चालू ठेवणे म्हणजे दुखणे झाकणे होय, शिवाय साचलेले सोडियमही सूक्ष्मजीवांना बाधते. चुना तर जपूनच वापरावा. तो कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचा गाळ तळाशी बसतो आणि बंद टाकीतील दाब अचानक घटू शकतो.

केवळ फळांवर टाकी चालवणे हीदेखील चूकच आहे, कारण बहुतेक फळांत कर्ब भरपूर आणि नत्र कमी असते. कर्ब-नत्र गुणोत्तर २० ते ३० या मर्यादेत राहावे म्हणून शेण नियमित मिसळावे. त्यातून लोह, निकेल, कोबाल्ट यांसारखी सूक्ष्मद्रव्येही मिळतात.

संत्री-लिंबांच्या सालींतील लिमोनीन हे तेल मिथेनजनकांना घातक असल्याने त्या शक्यतो वगळाव्यात. कोया आणि बिया काढाव्यात, अन्यथा तळ भरत जातो. लगदा बारीक करावा, मात्र बारीक लगद्याचे आम्लही लवकर होते हे ध्यानात ठेवून मात्रा बेताची ठेवावी. तापमान ३५ अंशांच्या आसपास सर्वोत्तम असते. थंडीत ते उतरले की पचन मंदावते, तेव्हा पुरवठाही त्याच बेताने कमी करावा.

तळाचा गाळ काढण्यासाठी टाकीत उतरण्याचा विचारही करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असू शकतो आणि प्राणवायू अपुरा असतो. गाळ बाहेरूनच पंपाने किंवा लांब दांड्याच्या अवजाराने काढावा.