जुना एकधारी सेफ्टी रेझर वापरताना या चुका टाळा

जुना एकधारी रेझर हौसेने विकत घेतलेल्या माणसाची तक्रार काय असेल, हे त्याने तोंड उघडण्याआधीच सांगता येते. गळ्यावर आग होते, हनुवटीखाली खुंट राहतात आणि जबड्याच्या कडेला रोज त्याच जागी कापते. त्याला उपाय म्हणून दुसरा साबण किंवा दुसरे पाते हवे असते. रेझर उजेडात धरून दोन मिनिटे नीट पाहा, असे सांगितले की त्याचा चेहरा पडतो. दोष मात्र बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

हा रेझर मुळात कसा आहे ते आधी समजून घ्यावे. अमेरिकेत काम्फे बंधूंनी 1880 मध्ये ज्या सेफ्टी रेझरचे पेटंट घेतले, त्यात वस्तऱ्याच्या पात्याचा आखूड तुकडाच एका चौकटीत बसवलेला होता आणि तो वस्तऱ्यासारखाच चामड्यावर परजावा लागे. जिलेटचे 1904 चे पेटंट पातळ, दुधारी, वापरून टाकून देण्याच्या पात्याचे होते. जेम आणि एव्हर-रेडी या नावांचे रेझर एकधारीच राहिले. त्यांची पातीही टाकून देण्याची झाली, पण जाडी टिकून राहिली. दुधारी पाते साधारण 0.1 मिलिमीटर जाड असते, तर जेम प्रकारचे पाते सुमारे 0.23 मिलिमीटर, आणि त्याच्या मागच्या कडेला धातूची पट्टी दुमडून कणा केलेला असतो. असे पाते वाकत नाही, थरथरत नाही, आणि ते चुकीच्या कोनात धरले तर तो चुकीचा कोनही तितक्याच ठामपणे चेहऱ्यावर उमटवते.

त्यामुळे पहिली आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक कोनाची आहे. दुधारी रेझर किंवा कार्ट्रिज वापरून आलेला हात मुठीकडे पाहून कोन ठरवतो आणि सवयीने मूठ चेहऱ्याकडे झुकवतो. एकधारी रेझरांच्या निरनिराळ्या नमुन्यांत मूठ डोक्याला वेगवेगळ्या कलाने जोडलेली असते, म्हणून मुठीवरून केलेला अंदाज एका रेझरला लागू पडला तरी दुसऱ्याला पडत नाही. मूठ काही काळ विसरावी आणि फक्त डोक्याकडे पाहावे. डोक्यावरचे सपाट झाकण गालावर पूर्ण टेकवावे, तिथूनच हात खाली न्यायला सुरुवात करावी, आणि केस कापले जात नसतील तरच मूठ अगदी किंचित झुकवावी. नवशिक्याला हा कोन अशक्य वाटतो, कारण रेझर जवळजवळ आडवा पडल्यासारखा दिसतो. म्हणून तो हळूच मूठ खाली घेतो, पाते त्वचेवर उभे राहते आणि केसांबरोबर कातडीचा वरचा थरही खरवडला जातो. संध्याकाळपर्यंत गळा लाल होतो, आणि रात्री तो नव्या साबणाचा शोध घेत बसतो.

कोन बरोबर आहे की नाही हे कानाने कळते. जाड आणि ताठ पाते खुंटांवरून जाताना चांगली मोठी खरखर करते. ती खरखर मधेच बंद झाली, तर एकतर तिथले केस संपलेले असतात किंवा झाकण त्वचेवरून उचलले गेलेले असते. शिकताना पंखा आणि गाणी बंद ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगतो. आजवर फार थोड्यांनी ते ऐकले आहे.

कोनाची जोडचूक म्हणजे दाब. जुन्या धातूच्या रेझरला स्वतःचे वजन असते आणि तेवढे पुरते. खुंट राहिले म्हणून जोर लावू नये. फेस पुन्हा लावून पुन्हा हात फिरवावा.

दुसरी मोठी चूक पाते बसवण्याची आहे, आणि तिच्याबद्दल मी थोडा जास्तच बोलतो, अशी तक्रार माझ्या ओळखीचे लोक करतात. या रेझरच्या डोक्यात पुढच्या दोन कोपऱ्यांना दोन बारीक अडण्या असतात. झाकण बंद होताना पात्याचा कणा मागून पुढे रेटला जातो आणि धारेचे दोन्ही कोपरे या अडण्यांना टेकतात. धार किती पुढे यावी आणि ती सरळ राहावी, हे सगळे या दोन ठिपक्यांवर अवलंबून असते. एक अडणी वाकलेली, झिजलेली किंवा घाणीने भरलेली असली, तर पाते तिरके बसते. एका बाजूला धार गरजेपेक्षा जास्त बाहेर येते आणि दुसऱ्या बाजूला ती आत दडते.

माझ्या एका सहकाऱ्याने असाच एक जुना, वळवून उघडण्याच्या मुठीचा रेझर आणला होता. विकणाऱ्याने तो घासून आरशासारखा केला होता, त्यामुळे त्यात काही खोट असेल अशी शंकाच सहकाऱ्याच्या मनात आली नाही. काही दिवसांतच तो गालाला कापसाचे बोळे लावून कामावर येऊ लागला. त्याने आधी साबण बदलला, मग ब्रश बदलला, मग दोन-तीन प्रकारची पाती मागवली, आणि शेवटी आपली त्वचाच या रेझरला मानवत नाही असा निष्कर्ष काढला. "कापते कुठे?" असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "रेझरच्या डाव्या कोपऱ्याने. उजव्या बाजूने मात्र धड दाढीच होत नाही." एवढ्या उत्तरात निदान होऊन गेले होते. आम्ही रेझर खिडकीशी नेऊन समोरून पाहिला. पात्याची धार आणि तिच्याखालची दाते असलेली कड यांच्यामधली फट डावीकडे रुंद होती आणि उजवीकडे जात जात दिसेनाशी होत होती. पाते काढून आत पाहिले, तर उजव्या अडणीच्या मागे जुन्या साबणाचा मोहरीएवढा खडा घट्ट बसलेला होता. पाते त्या कोपऱ्यात त्याला अडून मागेच राहत होते. विकणाऱ्याने बाहेरून चकाकी आणली होती, आतून मात्र काडीसुद्धा फिरवली नव्हती. कोमट पाणी, भांडी घासण्याचा द्रव, जुना टूथब्रश आणि लाकडी टोकणी एवढ्यावर काम झाले. नवे पाते समांतर बसले आणि कापसाचे बोळे बंद झाले. आणलेले साबण त्याच्या कपाटात अजून आहेत.

म्हणून पाते घालून झाकण लावले की दर वेळी रेझर उजेडासमोर धरून फट दोन्हीकडे सारखी आहे का ते पाहावे. हे काम काही क्षणांचे आहे आणि मी ते आजही टाळत नाही. अडणी वाकलेली दिसली तर पकडीने सरळ करण्याच्या फंदात पडू नये. या बारीक पत्र्यात आधीच एक वाकण आलेले असते, दुसऱ्या झटक्यात तो तुटू शकतो आणि मग रेझर फक्त मांडून ठेवण्यापुरता उरतो.

याच ठिकाणी आडमार्ग शोधणाऱ्यांबद्दल लिहिणे भाग आहे. रंग खरवडण्यासाठी विकली जाणारी एकधारी पाती दिसायला तशीच असतात आणि स्वस्त मिळतात, म्हणून ती दाढीला चालतील असा तर्क केला जातो. त्यांचा कणा बहुधा जाड असतो, त्यामुळे झाकण नीट बसत नाही, आणि त्यांची धार काचेवरचा रंग काढण्यासाठी असते, गळ्यासाठी नाही. दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे घालणारेही आहेत. त्या अर्ध्या पात्याला कणा नसतो, मग झाकणाने रेटायचे तरी कशाला? पात्यात वाचवलेले पैसे मलमात जातात.

बाकीच्या चुका लहान आहेत. सुकी किंवा घाईने ओली केलेली दाढी करू नये. केसांना पाणी शोषून मऊ होण्यास दोन-तीन मिनिटे लागतात, आणि फेस नुसता वर थापला तर तेवढा वेळ मिळत नाही. पहिला हात नेहमी केसांच्या कलानेच फिरवावा, आणि गळ्यावरचा कल बोटाने चाचपून आधी ओळखून घ्यावा, कारण तो अनेकांचा गालापेक्षा वेगळा असतो. उलट्या हाताची, म्हणजे केसांच्या कलाविरुद्ध दाढी पहिल्या महिन्यात करूच नये. अतिशय गुळगुळीत गाल ही नवशिक्याची हाव आहे आणि आत वळलेले केस हे तिचे व्याज. हनुवटीवर आखूड हात घ्यावेत, कातडी दुसऱ्या हाताने हलकेच ताणून धरावी. जुना रेझर साफ करण्यासाठी तो उकळू नये, आणि व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून तर मुळीच ठेवू नये. निकेलचा मुलामा एकदा उतरला की खालचे पितळ उघडे पडते.

दाढी झाल्यावर झाकण उघडून पाते आणि अडण्या वाहत्या पाण्याखाली धुवाव्यात, पाणी झटकावे आणि रेझर उघडाच वाळू द्यावा. पात्याची धार टॉवेलने पुसण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण त्यात धारही जाते आणि कधी बोटही. पाते केस ओढू लागले की ते बदलावे, आणि जुनी पाती झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.