इंग्लंडात आलात आणि संसार मोडायची वेळ आली तर

जळगाव-धुळे-नंदुरबारकडून इकडं नवीन आलेल्यांसाठी लिहितोय, हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांपुरतं.

गावाकडून पहिला सल्ला ठरलेला, पंच बसवा, फारकत लिहा, मोकळे व्हा. स्टँप पेपर, दोन्हीकडचे मामा साक्षीदार, "दागिने-भांडी परत मिळाली" अशी एक ओळ आणि खाली नोटरीचा शिक्का. भाऊबंदकीत चालत असेल, पण नोटरीच्या शिक्क्याने घटस्फोट होत नसतो. कायद्यात रूढीच्या फारकतीला कलम २९ मध्ये जागा आहे खरी, पण ती रूढी आपल्या समाजात जुनी आणि अखंड आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. आणि इथल्या १९८६ च्या फॅमिली लॉ अ‍ॅक्टप्रमाणे दोघांपैकी एक जरी आधीचं वर्षभर इथं राहत असेल तर असला कोर्टाबाहेरचा घटस्फोट धरतच नाहीत.

मग पोरं म्हणतात इथंच ऑनलाइन करून टाकू. एप्रिल २०२२ पासून कारणही द्यावं लागत नाही, लग्नाला वर्ष झालेलं हवं, २० आठवडे थांबा, कंडिशनल ऑर्डर (म्हणजे पहिला, तात्पुरता हुकूम) घ्या, मग सहा आठवडे आणि एक दिवस गेला की फायनल ऑर्डर (लग्न मोडल्याचा शेवटचा हुकूम) मागा, एकट्यानेही होतं. पण भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच नरसिंह राव खटल्यात सांगून ठेवलंय, परदेशी कोर्टाने दिलेलं कारण आपल्या कायद्यात बसलं पाहिजे नाहीतर समोरच्याची खरी संमती पाहिजे. "संसार सावरण्यापलीकडे गेलाय" हे कारण आपल्या कायद्यात नाहीच. म्हणजे बायको चाळीसगावला माहेरी, ती कोर्टात आलीच नाही आणि तुम्ही इथं एकतर्फी ऑर्डर काढली, तर भारतात तुमचं लग्न अजून उभंच समजायचं. त्यावर दुसरी सोयरीक केली तर सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा.

दोघं राजी असाल तर माझं मत सरळ आहे, गावाकडच्याच कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब (दोघांच्या संमतीचा घटस्फोट) खाली करा. वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, अर्ज केल्यावर थांबायचे मधले सहा महिने सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर कोर्ट माफ करू शकतं. लग्न पारोळ्याला लागलं असेल तर जळगाव जिल्ह्यात दाखल होतं. भावाच्या नावाने मुखत्यारपत्र द्यायचं तर इथं भारताच्या हाय कमिशनमधून (म्हणजे वकिलातीतून) करून पाठवा, आणि तिकडं पोचल्यावर तीन महिन्यांत स्टँप ड्युटी भरायला सांगा, हे हमखास राहून जातं. व्हिडिओवर हजेरी चालेल की नाही ते जज्जसाहेबांवर, वकिलाला आधीच विचारून घ्या. असा कोर्टाचा हुकूम इथं मानतात, सर्टिफाइड कॉपी घ्या, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा.

डिपेंडंट व्हिसावर (म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर) आलेल्या ताईंनो, तुमचं गणित वेगळं. नातं संपलं की होम ऑफिसला (इथलं व्हिसा बघणारं सरकारी खातं) कळवावं लागतं आणि व्हिसा बहुतेक वेळा ६० दिवसांवर आणतात, म्हणून सासरचे कितीही घाई करोत, सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, आणि पासपोर्ट नि लग्नाचा दाखला स्वतःच्याच पर्समध्ये ठेवा.