पोर्ट २२ बंद असेल तर गिटहब ४४३ वरून कसं जोडायचं

ऑफिस नाहीतर हॉस्टेलच्या वायफायवर गिट पुश केलं (म्हणजे कोड गिटहबवर पाठवला) की नुसतं लटकून राहतं आणि शेवटी कनेक्शन टाइम्ड आउट येतं, तर बहुतेक वेळा तिथल्या फायरवॉलने पोर्ट २२, म्हणजे एसएसएच या सुरक्षित जोडणीचा नेहमीचा मार्ग, अडवलेला असतो, तुमची एसएसएच की (ओळख पटवणारी फाइल) बिघडलेली नसते, त्यामुळे प्लीज नवीन की बनवत बसू नका, मी यात एक अख्खी दुपार घालवलीये.

एसएसएच पोर्ट ४४३ वरूनही चालतं, पण होस्ट (सर्व्हरचा पत्ता) वेगळा लागतो, साधा गिटहब डॉट कॉम नाही तर एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम. होम फोल्डरमधल्या डॉट एसएसएच फोल्डरात कॉन्फिग नावाची फाइल उघडा, नसेल तर बनवा. पहिल्या ओळीत होस्ट म्हणून गिटहब डॉट कॉम, खाली होस्टनेममध्ये तो वेगळा पत्ता, पोर्ट ४४३, युजर गिट. झालं, जुन्या रेपोंचे (कोडच्या प्रोजेक्ट फोल्डरांचे) रिमोट, म्हणजे त्यांत साठवलेले गिटहबचे पत्ते, बदलायची गरजच नाही.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट (ओळखीचा कोड) दाखवून पुढे जायचं का विचारेल, तो गिटहबने दिलेल्याशी जुळवूनच यस म्हणा, हे खरंच महत्त्वाचंय.

स्वतःचा गिट सर्व्हर पोर्ट २२२२ वर असेल तर लोक हमखास चुकतात, सुरुवातीला एसएसएच न लिहिता नुसतं होस्टपुढे कोलन देऊन पोर्ट टाकतात आणि गिट त्याला फोल्डरचा पाथ समजतं. तिथे पत्त्याची सुरुवात एसएसएच कोलन आणि दोन स्लॅशनेच करायची, मग युजर, ॲटचं चिन्ह, होस्ट, कोलन, पोर्ट आणि स्लॅश देऊन पाथ.